'उला' आला; पण फॉर्म भरता येतो काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्तर नागपुरातील कॉम्प्युटर सेंटरवाल्यांना जेवायलाही फुरसत मिळत नाही. इंदोरा घ्या, लष्करीबाग घ्या, पाचपावली घ्या, सगळीकडे तेच दृश्य. बाप प्लास्टिकच्या पिशवीत टी.सी., जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुक घेऊन उभा, मुलगी खुर्चीच्या काठावर टेकलेली, आणि दोघांचेही डोळे पडद्यावर. त्या दिवशी बापाची रोजी बुडालेली असते. फॉर्म त्याच दिवशी झाला तर ठीक, नाहीतर आणखी एक रोजी जाते.

मागच्या हंगामात मीही असाच पुतणीबरोबर बसलो होतो. निम्मा फॉर्म भरून झाला आणि पान जागचे हलेना. कितीही वेळा बटण दाबा, काही नाही. मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "काऊन बाप्पा, पुढे नाही जाऊन राहिलं का?" सेंटरवरचा पोरगा सराईत होता. "काका, याच्यात नाही होत. थांबा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडतो." त्याने पडद्यावरच्या दुसऱ्या एका चित्रावर टिचकी मारली, तेच पान पुन्हा उघडले आणि फॉर्म सुरळीत पुढे गेला. मी सुटकेचा श्वास सोडतो तोच पडद्यावर एक चौकट आली. पासवर्ड जतन करायचा काय, असे ती विचारत होती. पोराने सवयीने 'हो' दाबले. पुतणी लगेच म्हणाली, "दादा, आमचा पासवर्ड राहिला न तिथं!"

पोरीच्या त्या एका वाक्याने माझे कान टवकारले. एकच पान एका ब्राउझरमध्ये अडते आणि दुसऱ्यात चालते, आणि जो चालतो तो आपला पासवर्ड स्वतःजवळ ठेवून घेतो. मग हा ब्राउझर म्हणजे आहे तरी कोण, आणि तो आपल्या घरात कोणाच्या परवानगीने आला?

ब्राउझर म्हणजे काय, काय नव्हे

आपल्यापैकी पुष्कळ जण 'इंटरनेट उघडले' किंवा 'गुगल उघडले' असे म्हणतात. प्रत्यक्षात उघडतो तो ब्राउझर. दूरच्या संगणकावर ठेवलेले पान मागवून आणणे, ते आपल्या पडद्यावर मांडणे, आणि आपण भरलेली माहिती परत तिकडे पोहोचवणे, एवढे त्याचे काम. पोस्टमन आणि पत्र वाचून दाखवणारा, दोन्ही एकच माणूस असावा तसे हे आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ऑपेरा ही त्या पोस्टमनांची नावे.

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' सापडत नसेल, किंवा 'बौद्ध' निवडले की खाली जातीचा रकानाच बंद होत असेल, तर तो दोष ब्राउझरचा नाही. तो पान बनवणाऱ्याचा आहे, आणि त्याची तक्रार त्या कार्यालयाकडेच केली पाहिजे. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या, हे रकाने पाडणाऱ्यांना अजून शिकवावे लागते. पण अक्षरे तुटली, बटण दाबले जात नाही, पान अर्धवट दिसते, असे असेल तर पोस्टमन बदलून पाहावा.

आता या धंद्यात एक देशी पोस्टमन उतरला आहे. त्याचे नाव 'उला'. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ फेरफटका, सफर असा होतो. चेन्नईच्या झोहो कंपनीने मे २०२३ मध्ये तो बाजारात आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. एकूण बक्षिसे आणि मदत मिळून रक्कम होती ३ कोटी ४१ लाख रुपये. २० मार्च २०२५ रोजी निकाल लागला. झोहोला पहिले १ कोटीचे बक्षीस मिळाले. 'पिंग' नावाच्या गटाला ७५ लाख आणि 'अज्ना' नावाच्या गटाला ५० लाख मिळाले.

बक्षीस मिळाले, टाळ्या झाल्या. पण स्पर्धा जिंकणे वेगळे आणि लोकांच्या मोबाइलमध्ये जागा मिळवणे वेगळे. जगात आज साधारण दोन तृतीयांश वापर एकट्या क्रोमचा आहे, आणि भारतात तर त्याहून बराच जास्त. या प्रस्थापितापुढे नवा माणूस उभा कसा राहणार?

आधीपासून बसलेला

प्रस्थापित होण्याची गोष्ट जुनी आहे. १९९४-९५ साली नेटस्केप नावाचा ब्राउझर साऱ्या जगात चालत होता. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर काढला आणि पुढे तो विंडोजबरोबर फुकट जोडून दिला. नवा कॉम्प्युटर घेतला की ते निळे 'ई' आधीच पडद्यावर हजर. जे हजर आहे ते सोडून दुसरे शोधायला कोण जातो? त्या काळात फोनच्या तारेवरून दुसरा ब्राउझर उतरवून घ्यायला तासन् तास लागत. नेटस्केप मागे पडला. मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. २००० साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. पुढे वरच्या कोर्टाने तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला, पण मक्तेदारी राखण्यासाठी कंपनीने गैरमार्ग वापरला, हा निष्कर्ष मात्र कायम राहिला. निकाल लागेपर्यंत नेटस्केप दुसऱ्या कंपनीला विकला गेला होता.

मराठी वाचकाला या लढाईची झळ वेगळ्याच तऱ्हेने बसली. तेव्हा मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर नुकतीच येऊ लागली होती. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. तो आपोआप उतरवण्याची एक्स्प्लोररची तऱ्हा एक आणि नेटस्केपची दुसरी. एकात मराठी दिसे तर दुसऱ्यात तेच पान इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन येई. सरकारी पानांच्या तळाशी तर 'हे पान एक्स्प्लोररमध्येच चांगले दिसेल' अशी ओळ वर्षानुवर्षे छापलेली असायची. सरकारने जनतेला एका परदेशी कंपनीच्या दारातूनच यायला सांगायचे, हा कोणता न्याय? युनिकोड रुळल्यावर अक्षरांचा प्रश्न सुटला. पण एकाच ब्राउझरवर पान तपासायचे आणि मोकळे व्हायचे, ही सवय अजून गेलेली नाही. त्या सेंटरवर आमचे पान अडले ते बहुधा याच सवयीपायी.

पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स आला. तो नेटस्केपच्याच राखेतून उठलेला. मग २००८ मध्ये गुगलने क्रोम आणला. तो वेगवान होता हे खरे, त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण मोबाइलवर तो जिंकला तो नुसत्या वेगाने नव्हे. अँड्रॉइडचा फोन घेतला की क्रोम आत असतोच. भारताच्या स्पर्धा आयोगाने याच प्रकारावर बोट ठेवले. फोन बनवणाऱ्यांना गुगलचे सगळे ॲप एकगठ्ठा टाकायला लावणे हे अन्याय्य आहे, असे म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द झाले.

आधीपासून बसलेले असण्याची किंमत किती, हे अमेरिकेतील दुसऱ्या एका खटल्यात उघड झाले. इतरांच्या ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून गुगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. फायरफॉक्सवाल्यांची बहुतांश कमाईदेखील याच पैशातून होते. म्हणजे प्रतिस्पर्धीही त्याच्याच घरून शिधा आणतो! ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलला शोधाच्या धंद्यातील बेकायदा मक्तेदार ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र क्रोम विकायला लावण्याची सरकारची मागणी त्यांनी मान्य केली नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊनही जाहिरात छापली नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. माल चांगला की वाईट हा प्रश्न तेव्हाही नव्हता. वाचकापर्यंत पोहोचण्याची वाट कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न होता.

आपण एकदा निवड केली होती

कोणी म्हणेल, गरिबाला कशाची निवड? जे मिळाले ते तो वापरतो. हे पूर्ण खरे नाही. आपल्या वस्त्यांनी एकदा ब्राउझर स्वतः निवडला होता, आणि तो गुगलचा नव्हता.

साधारण २०१० ते २०१६ चा काळ आठवा. बटणाचा फोन, किंवा तीन-चार हजारांचा पहिला टचस्क्रीन. टू-जीचे नेट. एक जीबीला दोनशे-अडीचशे रुपये पडत. आमच्या वस्त्यांतील पोरे एवढे मोठे रिचार्ज कुठून मारणार? ती दहा-वीस रुपयांचे छोटे पॅक मारत आणि एकेक एमबी पुरवून वापरत. अशा वेळी ऑपेरा मिनी आणि यूसी हे दोन ब्राउझर कामाला आले. यांची युक्ती साधी होती. आपण मागितलेले पान थेट फोनवर न आणता आधी कंपनीच्या संगणकावर न्यायचे, तिथे दाबून लहान करायचे आणि मग पाठवायचे. पान लवकर येई आणि पैसा कमी जाई. भीमगीते उतरवून घ्यायची असोत की निकाल पाहायचा असो, मित्राने मित्राला ब्लूटूथवरून ब्राउझर दिला आणि तो वस्तीभर झाला. जाहिरात बघून नव्हे. रिचार्ज पुरते म्हणून.

२०१५-१६ च्या सुमारास भारतातील मोबाइलवरच्या ब्राउझरांत यूसी पहिल्या क्रमांकावर होता, निम्म्याच्या वर. इंग्रजी वर्तमानपत्रांना याचे मोठे आश्चर्य वाटले. त्यांच्या ओळखीत कोणी तो वापरत नव्हते ना!

पण त्या युक्तीत एक मेख होती. जो आपले पान वाटेत उघडून दाबतो, तो ते पाहूही शकतो. मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संस्थेने यूसीची तपासणी करून अहवाल काढला. वापरणाऱ्याने काय शोधले, तो कुठे आहे, त्याच्या फोनचा ओळख क्रमांक काय, ही माहिती नीट कुलूप न लावता पाठवली जात असल्याचे त्यात दिसले. चिनी आवृत्तीत हे जास्त होते, पण इंग्रजी आवृत्तीही निर्दोष नव्हती. कंपनी चीनच्या अलिबाबा समूहाची. आपण रिचार्जचे पैसे वाचवले, पण किंमत दुसऱ्या खिशातून गेली, आणि ती गेल्याचे कळलेही नाही.

नंतर दोन गोष्टी घडल्या. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले, काही महिने नेट फुकट मिळाले आणि पुढेही स्वस्त राहिले. मग पान दाबून लहान करण्याची गरजच उरली नाही. फोनमध्ये आधीपासून बसलेला क्रोम लोकांनी उघडला आणि यूसी उतरणीला लागला. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले जवान मारले गेल्यावर २९ जूनला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात यूसीही होता.

मला या हकिगतीत महत्त्वाचे वाटते ते एवढेच. नवा ब्राउझर प्रस्थापितांना हरवू शकतो, पण नुसत्या घोषणेने नाही. ज्याच्या खिशाला, ज्याच्या कामाला तो उपयोगी पडतो, तो माणूस स्वतः होऊन त्याला घरी आणतो. कारण संपले की तो तितक्याच सहज त्याला सोडतो.

देशी म्हणून?

'उला' हा पहिला देशी ब्राउझर नाही. जुलै २०१० मध्ये बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने 'एपिक' आणला होता. तो फायरफॉक्सवर बेतलेला होता. भारतीय भाषांत टाइप करण्याची सोय, भारतीय चित्रांची सजावट, व्हायरस तपासण्याची व्यवस्था, सगळे त्यात होते. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. पण सजावटीसाठी कोणी ब्राउझर बदलत नाही. २०१३ मध्ये त्याच कंपनीने भारतीयपणाचा तो सगळा थाट बाजूला ठेवून, माहिती गुप्त ठेवणारा ब्राउझर म्हणून एपिकला नव्याने आणले. २०२० मध्ये जिओपेजेस आला. त्यात मराठीसह आठ भारतीय भाषा होत्या. आज तुमच्या गल्लीत किती जण तो वापरतात, ते विचारून पाहा.

फोनच्या बाबतीतही एक प्रयोग झाला होता. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या यंत्रणेवर चालणारा इंटेक्सचा फोन २०१४ मध्ये अवघ्या १,९९९ रुपयांना निघाला. तो चालला नाही. मात्र त्याच यंत्रणेतून पुढे निघालेली कायओएस २०१७ च्या जिओफोनमध्ये बसली आणि लाखो घरांत पोहोचली. वस्तू तीच, पण या वेळी ती आधीपासून बसलेली होती!

देशी आहे एवढ्यावर एखादी वस्तू डोळे मिटून घेणे हे कालाम सुत्त ऐकलेल्या माणसाला शोभत नाही. परदेशी आहे म्हणून टाकणेही शोभत नाही. तेव्हा 'उला'ला उघडून बघू.

पहिली गोष्ट, 'उला' क्रोमियमवर बांधलेला आहे. क्रोमियम हा गुगलने सर्वांसाठी खुला ठेवलेला सांगाडा. क्रोम त्याच्यावर उभा आहे, मायक्रोसॉफ्टचा एजही त्याच्यावरच आणि ऑपेराही. म्हणजे मालक निराळे असले तरी इंजिन एकच. वेगळे मोठे इंजिन फक्त दोघांकडे आहे, ॲपलकडे आणि फायरफॉक्सकडे. यात वाचकाच्या फायद्याची बाजू ही की क्रोममध्ये उघडणारे पान 'उला'मध्येही सहसा उघडते, त्यामुळे फॉर्म अडण्याची भीती कमी. तोट्याची बाजू अशी की वर्तमानपत्र आपले आणि छापखाना दुसऱ्याचा, असा हा मामला आहे. बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला, तो हौस म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला मजकूर कधी अडेल, याचा नेम नसतो.

दुसरी गोष्ट, झोहोचे म्हणणे आहे की 'उला' जाहिरातवाल्यांना आपला माग काढू देत नाही आणि आपली माहिती विकत नाही. कामाचे, घरचे आणि मुलांचे असे वेगवेगळे कप्पे त्यात आहेत. एका कप्प्यातील माहिती दुसऱ्यात जात नाही. ज्या घरात एकच फोन आई, बाप आणि तीन पोरे यांच्यात फिरतो, त्या घराला ही सोय खरोखर कामाची आहे. कंपनीची कमाई जाहिरातीवर नसून धंद्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यामुळे तिच्या शब्दाला थोडा आधार आहे. तरी शब्द तो शब्दच. पुढे मालकाचे मन बदलले तर?

झोहोबद्दल आपल्या तरुणांना सांगण्याजोगी एक गोष्ट वेगळीच आहे. २००४ पासून ही कंपनी पदवी न मागता बारावी झालेल्या मुलांना घेऊन, फी न घेता उलट विद्यावेतन देऊन शिकवते आणि पुढे कामावर घेते. तमिळनाडूत तेनकाशीसारख्या लहान गावाजवळ तिचे मोठे कार्यालय आहे. मिहानमध्ये पोराला नोकरी लागेल का, या काळजीत असलेल्या आपल्या माणसांनी ब्राउझरपेक्षा ही बातमी अधिक लक्षपूर्वक वाचावी, असे मला वाटते.

विश्वासाची यादी

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण सरकारने स्पर्धा घेतली तीच मुळी हिच्यासाठी. आपण बँकेचे किंवा सरकारी पान उघडतो, तेव्हा ते खरोखर त्याच कार्यालयाचे आहे हे ब्राउझर कशावरून ठरवतो? प्रत्येक पानाजवळ एक डिजिटल दाखला असतो. आपल्याकडे जातीच्या दाखल्यावर उपविभागीय अधिकाऱ्याची सही लागते, तशी त्या दाखल्यावर एखाद्या मान्य संस्थेची सही लागते. कोणाच्या सह्या मान्य करायच्या, याची यादी ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या ठेवतात. म्हणजे भारत सरकारची सही भारतातल्या पानावर चालेल की नाही, हे परदेशातली कंपनी ठरवणार!

यात आपली बाजू मात्र साफ नव्हती. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या लक्षात आले की आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र शाखेतून गुगल आणि याहूच्या नावाचे खोटे दाखले निघाले आहेत. असा दाखला कोणाच्या हाती पडला तर तो खोटे पान खरे म्हणून दाखवू शकतो. तिचे अधिकार काढून घेण्यात आले, आणि परदेशी कंपन्यांनीही भारतीय सह्यांवर निर्बंध घातले. फायरफॉक्सच्या यादीत तर आपली सही नव्हतीच. आपली पुष्कळ सरकारी पानेही परदेशी संस्थांचे दाखले घेऊन चालतात. नव्या देशी ब्राउझरने भारताच्या प्रमाणन नियंत्रकाची सही मान्य करावी आणि कागदावर डिजिटल सही करण्याची सोय आतच द्यावी, अशी स्पर्धेची अट होती.

अट रास्त आहे. परंतु सही कोणाची मान्य करायची हे आता सरकार सांगणार, तर सरकारच्या हातून २०१४ सारखी चूक झाल्यास ती कोण पकडणार? त्या वेळी ती परदेशी कंपनीने पकडली होती. स्वावलंबन हवेच, पण तपासणारा तिसरा डोळाही हवा.

आता बोलणारे ब्राउझर

'उला' जुन्या मल्लांशी झुंजतो आहे तोवर आखाड्यात आणखी नवे उतरले. पर्प्लेक्सिटी कंपनीचा 'कॉमेट' जुलै २०२५ मध्ये आला आणि ऑक्टोबरपासून सर्वांना फुकट झाला. या कंपनीचे एक संस्थापक अरविंद श्रीनिवास हे चेन्नईचे. याच कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये ३,४५० कोटी डॉलरला क्रोमच विकत घेण्याची तयारी दाखवली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयचा 'ॲटलास' आला. गंमत म्हणजे हे दोघेही क्रोमियमवरच उभे आहेत.

यांच्याशी बोलता येते. 'हे पान समजावून सांग', 'हा फॉर्म भर' म्हटले की ते कामाला लागतात. कमी शिकलेल्या आईबापाला हे वरदान वाटेल, आणि काही कामांत ते आहेही. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरच्या संशोधकांनी कॉमेटमधील एक दोष दाखवून दिला. एखाद्या पानात कोणी लबाडाने लपवून लिहिलेली आज्ञा तो मालकाची आज्ञा समजून पाळू शकत होता. नोकर आज्ञाधारक आहे, पण रस्त्यावरच्या कोणाचेही ऐकतो, असा तो प्रकार. ज्या ब्राउझरमध्ये बँक, आधार आणि शिष्यवृत्ती उघडलेली आहे, त्याच्या हाती अशी मोकळीक तूर्त देऊ नये.

घरात आणि सेंटरवर

आता पुतणीच्या प्रश्नाकडे येतो. कोणताही ब्राउझर असो, सेंटरच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड जतन करायचा काय असे विचारले तर 'नाही' सांगा. सेंटरवाला आपलाच पोरगा असतो, त्याच्यावर संशय नको. पण त्या खुर्चीवर दिवसाला पन्नास माणसे बसतात. बहुतेक सगळ्या ब्राउझरांत 'गुप्त खिडकी' असते. फॉर्म त्यातच उघडायला सांगा. ती बंद केली की पासवर्ड आणि पाहिलेल्या पानांची नोंद मागे राहत नाही. उतरवून घेतलेली पावती मात्र तिथेच राहते, ती आठवणीने पुसायला लावा. आणि काम झाल्यावर 'लॉगआउट' होईपर्यंत खुर्ची सोडू नका.

पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले म्हणजे पान खरे, हा समज सोडून द्या. कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेत कोणी चोरून वाचत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की ठग, ते कुलूप सांगत नाही. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलपाचे चित्रच काढून टाकले, कारण लोकांचा गैरसमज होत होता. त्यापेक्षा पत्ता वाचा. राज्य सरकारच्या पानाचा पत्ता सहसा 'महाराष्ट्र.गव्ह.इन'ने संपतो, 'डॉट कॉम'ने नव्हे. शोधयंत्रात 'शिष्यवृत्ती' टाकल्यावर सर्वात वर येते ती पुष्कळदा जाहिरात असते.

घरी स्वतःचा फोन किंवा कॉम्प्युटर असेल तर एकाऐवजी दोन ब्राउझर ठेवावेत. एकात फॉर्म अडला तर दुसऱ्यात उघडता येतो आणि अखेरच्या तारखेला धावाधाव होत नाही. दुसरा म्हणून 'उला' वापरून पाहायला हरकत नाही. फायरफॉक्सही पाहावा, त्याचे इंजिन वेगळे असल्याने एकाच घराण्याचे दोन पाहुणे ठेवल्यासारखे होत नाही, आणि तो मराठीतही मिळतो. विहाराच्या अभ्यासिकेत जिथे कॉम्प्युटर आहे, तिथे पोरांनी हे दोन्ही टाकून एक हंगाम फॉर्म भरून पाहावेत. कोणते पान कशात अडले, त्याची एका वहीत नोंद ठेवावी. संबंधित कार्यालयाला अर्ज करायचा झाल्यास ती वही पुरावा म्हणून लागेल.

पुतणीचा फॉर्म त्या दिवशी झाला. घरी येऊन तिने सगळ्यात आधी फोनवरून पासवर्ड बदलला, मग जेवायला बसली. ज्या वाचकांनी 'उला' किंवा दुसरा कोणता नवा ब्राउझर फॉर्म भरण्यासाठी वापरला असेल, त्यांनी कोणते पान चालले आणि कोणते अडले, हे आम्हाला थोडक्यात लिहून कळवावे. पुढील निकालांच्या आधी ती माहिती या पानावर देऊ.